निळ्या काढ्याची साक्ष

कापडे गावात सदूच्या अंगणात तिन्हीसांजेला पाय ठेवायला जागा नसे. भात झोडून घरात आलं होतं, थंडी पडली होती आणि महाडपासून पोलादपूरपर्यंतची झोप उडालेली माणसं आपापले काचेचे पेले घेऊन रांगेत बसलेली असत. समोर चौरंगावर निद्रानाथ महाराज. १९९८ सालच्या त्या हिवाळ्यात ते आंबेनळी घाट उतरून आले आणि सदूच्या पडवीत मुक्कामालाच राहिले. त्यांच्याकडे झोपेचा काढा होता, आणि तो निळा होता.

नुसता निळाशार, आभाळ उकळून काढल्यासारखा. महाराज पेला उंच धरत आणि सांगत, "निद्रा ही रुसणारी देवी. ती आपणहून जात नाही, तिला कुणीतरी पळवतं. ॐ निद्राय तंद्राय घोराय नमः. बोला, संशय कुणावर?" माणूस एकेक नाव घेई आणि महाराज प्रत्येक नावाला पळीभर तीर्थ पेल्यात सोडत. काढा निळाच राही. मग एखाद्या नावाला तो डोळ्यांदेखत गुलाबी होई आणि सगळं अंगण हात जोडी. तो काढा प्यायचा, कुणाशी अवाक्षर न बोलता घरी जायचं आणि दिवा मालवून पडायचं, असा नेम होता. झोप लागे. दिवसभर पेंढ्याचे भारे वाहिलेल्या माणसाला कोऱ्या पाण्यानेही लागली असती, पण तसं म्हणायला कुणी जागं नव्हतं.

पंचाईत अशी की काढा बहुतेक वेळा एकाच नावाला गुलाबी होई. ठकूबाई. ही सदूच्या चुलतभावाची विधवा. एकटी राही, शेळ्या पाळी. दोघांच्या बांधावरचा फणस कुणाचा, यावरून तिचं आणि सदूचं वर्षानुवर्षं वाजत आलं होतं. आता तिने गावाची झोप चोरली असं ठरलं. ती विहिरीवर आली की बायका कळश्या उचलून बाजूला होत. ती झोप चोरते म्हणावं तर बिचारीचा स्वतःचाच डोळा लागेनासा झाला होता. शेवटी सदूने गावाला राजी केलं की शनिवारी काढ्याला अखेरचं विचारायचं आणि गुलाबी झाला तर ठकूबाईने घर सोडून माहेरी जायचं. साठी उलटलेल्या बाईचं माहेर म्हणजे भाच्यांच्या पडवीतला एक कोपरा.

गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अम्बरीनबाई महाडहून रोज एसटीने येत. त्यांचे वडील जलीलभाई सौदीत बरीच वर्षं रात्रपाळीला ट्रेलर चालवून परतले होते. दिवसा घोरत आणि रात्री पलंगावर बसून सगळ्या घराला जागं ठेवत. तो निळा काढा आण, असा त्यांनी लेकीच्या मागे धोशा लावला. महाराजांकडचं काही घरात आणायची बाईंची इच्छा नव्हती. पण तो रंग त्यांच्या ओळखीचा वाटला होता. शाळेच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल होता. त्यांनी त्याची फुलं आणून सावलीत सुकवली. गवती चहाची पाती आणि चिमूटभर बडीशेप पाण्यात उकळली, भांडं उतरवून त्यात फुलं टाकली, वर झाकण ठेवलं. झाकण काढलं तर महाराजांचा काढा तयार.

जलीलभाईंनी एक घोट घेतला आणि हे तर शेळीचं खाणं आहे म्हणून पेला घेऊन चुलीकडे गेले. परत आले ते चेहरा पाडून. पेल्यातला काढा गुलाबी झाला होता.

"मी कुणाचं नाव नाय घेतलं गो," ते म्हणाले. "नुसतं लिंबू पिळलं."

अम्बरीनबाई हसत सुटल्या. मग त्यांना ठकूबाई आठवली आणि हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी त्या बैठकीला गेल्या आणि सगळे पेल्याकडे बघत असताना महाराजांच्या हाताकडे बघत राहिल्या. पळी दोन ठिकाणी बुडत होती. कधी पितळेच्या पंचपात्रात, कधी शेजारच्या काचेच्या वाटीत. महाराजांची सगळी भांडी पितळेची, ती वाटी तेवढी काचेची. आंबट पितळेत कळकतं, हे घरोघरी ठाऊक असतं, महाराजांनाही होतं. वाटीतल्या लिंबाचा वास गवती चहाच्या वासात बुडून जाई.

शनिवारी ठकूबाईला पुढे बसवलं. ती पदराशी चाळा करत खाली बघत होती. अम्बरीनबाई उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, की आज ठकूबाईंचं नाव घेताना तीर्थ पितळेच्या भांड्यातलं घाला. महाराज म्हणाले, दोन्ही तीर्थं एकच आहेत. मग तर काहीच अडचण नाही, असं बाईंनी म्हटल्यावर महाराजांना मानणाऱ्या म्हाताऱ्यांनीही घाला म्हणून आग्रह धरला. महाराजांना घालावं लागलं. नाव घेतलं, काढा निळा. पुन्हा घेतलं, पुन्हा निळा. सदू म्हणाला, तीर्थ थंडीने गारठलं असेल.

बाईंनी काचेची वाटी उचलली, दुसऱ्या पेल्यावर जराशी कलती केली आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "सदूभाऊंचा रेडा."

काढा गुलाबी झाला. रेडा गोठ्यात निवांत रवंथ करत होता. तिसऱ्या पेल्याला त्यांनी पहाटे हॉर्न वाजवत येणाऱ्या एसटीचं नाव घेतलं, तोही गुलाबी झाला. ही साक्ष मात्र खरी हाय, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि अंगण हसू लागलं. चौथ्या पेल्याला निद्रानाथ महाराज. गुलाबी.

मग बाईंनी वाटी ठकूबाईच्या हातात दिली आणि हवं ते नाव घ्या म्हणाल्या. सदू जमिनीकडे बघू लागला. ठकूबाईने वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"नाव कशाला घेऊ?" ती म्हणाली. "लिंबू हाय ह्यो. साखर असंल तं आणा."

तुमच्या अविश्वासाने तीर्थ आंबलं, असं महाराज बराच वेळ सांगत होते. सकाळी उजाडताच ते मिळाला त्या ट्रकने घाट चढून गेले. सदूने माफी मागितली नाही. त्याची बायको मात्र दुसऱ्या दिवशी ठकूबाईशेजारी पाणी भरायला उभी राहिली आणि शेळ्या कशा आहेत म्हणून विचारू लागली. ठकूबाईने आधी आपली कळशी भरून घेतली, मगच उत्तर दिलं.

अम्बरीनबाईंनी शाळेत पोरांकडूनच तो प्रयोग करून घेतला. गोकर्णीच्या रंगात आंबट पडलं की तो गुलाबी होतो. लिंबू चालतं, चिंच चालते, नाव कुठलंही चालतं. ज्यांना झोप येत नव्हती त्यांना त्यांनी सांगितलं, की संध्याकाळनंतरचा चहा सोडा, रात्री हलका काढा घ्या आणि तरीही डोळा लागला नाही तर डॉक्टरकडे जा. जलीलभाईंनी दिवसा झोपणं बंद केलं आणि त्यांची रात्र बरीच सुधारली.

मंडळी, काढा खुशाल प्या. गवती चहा, बडीशेप, गोकर्णी, जे दारात असेल ते उकळा. पण उकळलेला पाला उद्या तुमच्या शेजारणीचं नाव घेऊ लागला, तर हात जोडण्याआधी त्यात काय पडलं ते विचारा. विचारलंत तर फार तर एक महाराज रुसेल. न विचारल्याने एका बाईचं घर जाणार होतं.