मोडतोडीचा तास

पोरांना विज्ञानाची गोडी नाही, असा अहवाल, शिक्षण खात्याच्या साहेबांनो, तुम्ही लिहिलात. आणि प्रयोगशाळेला कुलूपही तुम्हीच ठोकलंत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. परीक्षानळी तडकली की बाईंकडून खुलासा मागायचा, भिंगाला चरा पडला की मुख्याध्यापकांना बोलावून झापायचं, आणि वर्ष सरलं की विचारायचं, तुमच्या शाळेतून एकही इंजिनिअर कसा निघत नाही? पोहायला शिकवणार, पण पाण्याला हात लावू देणार नाही, अशातली गत. उंटावरून शेळ्या हाकत बसलात. त्यातल्या एका शेळीनं शिंगं उगारली, त्याची ही गोष्ट.

अशाच एका शाळेत विज्ञानाला एक बाई होत्या. आवाज असा खणखणीत, की मधल्या सुट्टीतला गोंगाटसुद्धा वाट सोडायचा. पण नोकरीतली पहिली काही वर्षं त्यांनीही तोंड दाबून काढली. तपासणी आली की उपकरणं पुसून टेबलावर मांडायची, तपासणी गेली की परत कपाटात कोंबायची. मग एकदा काय झालं, सूक्ष्मदर्शकाच्या आकृतीला पैकीच्या पैकी मार्क मिळवलेल्या पोरीसमोर बाईंनी खरा सूक्ष्मदर्शक ठेवला. पोरीनं मोठ्या भक्तिभावानं वाकून डोळा लावला तो थेट खालच्या भिंगाला! वर्ग हसला. बाईंना मात्र रडू येईना नि हसूही. त्या दिवशी त्या जे पेटल्या, ते पेटल्याच.

दुसऱ्या दिवसापासून शेवटचा तास मोडतोडीचा. सरकारी उपकरणांना हात लावायचा नाही ना? नाही लावत, जा. पोरांनी घरातलं मेलेलं सामान आणलं: मिक्सर, पंखे, इस्त्र्या, एक आंधळा टीव्ही. नियम एकच. वस्तू उघडण्याआधी कुठं बिघडलंय याचा अंदाज मोठ्यानं सांगायचा. अंदाज खोटा निघाला तर तितक्याच मोठ्यानं ओरडायचं, "चुकलं!" आणि त्यावर सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवायच्या. बरोबर आलेल्याला टाळ्या नाहीत. "बरोबर आलेल्याला मशीन चालू झालेलं दिसतंच की," बाई म्हणायच्या, "टाळ्या हव्यात त्या चुकलेल्याला."

या वर्गात सगळ्यात जास्त टाळ्या खाणारी पोर म्हणजे खुडबुडी. तिचे बाबा म्हणायचे, "हिला घरात एकटं ठेवलं की घराचे सुटे भाग होतात." आईनं तर नव्या कुकरवर बसूनच पहिला आठवडा काढला होता.

कुणीतरी तक्रार केली. शाळेची भंगारवखार झालीय म्हणून. शिक्षण खात्याचे साहेब आले. टेबलावर पसरलेले स्क्रू बघून त्यांनी नाक मुरडलं.

"बाई, या पोरांना झेपेल ते शिकवा. ही काय शास्त्रज्ञ होणार आहेत?"

"न शिकवताच कसं ठरवलंत साहेब?"

"मोठ्या हॉस्पिटलात यंत्रदुरुस्तीसाठी एक शिकाऊ उमेदवार घेतायत. चांगल्या चांगल्या शाळांची पोरं येणारेत. तुमच्या भंगारातलं एक जरी तिथं लागलं, तर हा तास चालू. नाहीतर बंद. आहे कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. शब्द तोंडातून गेला, बाण सुटला होता.

बाईंनी खुडबुडीलाच पाठवलं. चाचणीची खोली पांढरीशुभ्र, औषधाच्या वासाची. प्रत्येक उमेदवारापुढं रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं एकेक बंद पडलेलं यंत्र. मागच्या खुर्च्यांवर बाई आणि त्यांच्या शेजारी, मजा बघायला आलेले साहेब.

खुडबुडीनं प्लग काढला नि सवयीनं खणखणीत आवाजात सांगितलं, "फ्यूज उडालाय." फ्यूज शाबूत निघाला. "चुकलं!"

सगळी खोली वळून बघायला लागली. साहेब गालात हसले. बाईंचे हात टाळीसाठी आपोआप उचलले गेले. त्यांनी ते कसेबसे मांडीखाली दाबले.

"मोटरचा कार्बन झिजलाय." कार्बन नवाकोरा. "चुकलं!"

"गप गं," पलीकडचा चष्मेवाला कुजबुजला, "स्वतःचंच नाव कापून घ्यायचंय का तुला?" त्यानं इकडं दोन वायरी हलवल्या, तिकडं झाकण दाबलं, यंत्र सुरू. "झालं सर!" मग एकेकाचं सुरू होत गेलं. खुडबुडीचंही झालं. जोडणी करून झाकण लावताच ते घुमायला लागलं. बाईंनी श्वास सोडला.

आणि पोरीनं चालतं यंत्र बंद केलं. प्लग काढला. पुन्हा स्क्रू सोडवायला घेतले.

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. साहेब त्यांच्या कानाशी आले. "चालत्या गाडीला खीळ घालायची विद्या तुम्हीच शिकवलीत वाटतं?"

"काय झालं गं?" हॉस्पिटलच्या यंत्रदुरुस्ती विभागाचे प्रमुख तिच्या टेबलाशी थांबले. "चालत होतं ना?"

"चालत होतं सर. पण का चालत होतं ते मला कळलं नाही. मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं."

तिनं झाकणाच्या बिजागरीजवळची वायर बोटानं चाचपली, वाकवली, वरचं आवरण सोललं. आतली तांब्याची तार तुटलेली. टोकं कधी टेकायची, कधी सुटायची. तिनं ती जोडली, नीट गुंडाळली, यंत्र लावलं. "आता कळलं!"

प्रमुख टेबलाटेबलाशी गेले आणि प्रत्येक चालत्या यंत्राचं झाकण त्यांनी बोटानं जरासं ढकललं. चष्मेवाल्याचं बंद. पुढचं बंद. त्यापुढचंही बंद. खुडबुडीच्या झाकणाला त्यांनी अंगठ्यानं, तळहातानं, शेवटी कोपरानं ढोसलं. यंत्र आपलं घुमतंच आहे.

"तार आम्हीच तोडून ठेवली होती," ते म्हणाले. "आपोआप चालू झालेलं यंत्र पेशंटच्या वेळी आपोआप बंद पडतं. चूक झाकणारा माणूस मला नको. ही उद्यापासून माझी."

आता मात्र बाईंनी हात मोकळे सोडले. त्या एकट्याच टाळ्या वाजवत होत्या, आणि खोली दणाणली.

"कसं कळलं तुला?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"कळलं नाही, म्हणून तर उघडलं."

"बाई," प्रमुख म्हणाले, "असली पोरं आणखी आहेत?"

"वर्ग भरून आहेत."

"पाठवा. पुढच्या वेळी आधी तुमच्याकडूनच मागवतो."

साहेबांनी घाईघाईनं टाय सरळ केला, खुडबुडीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हॉस्पिटलच्या फोटोग्राफरला जवळ बोलावलं. "आमच्या शिक्षण खात्याचा हा उपक्रम..." त्यांनी सुरुवात केली. "अर्थात, पोरगी अपवाद आहे हो."

बाईंनी त्यांचा हात खांद्यावरून अलगद उचलला आणि त्यांच्याच खिशाशी नेऊन सोडला.

"अपवाद कसला? हिच्यासारख्या पोरांच्या शाळा तुमच्या हाताखाली ढीगभर आहेत. तिथं हा तास कधी सुरू करताय?"

"पाहू की..."

"पाहू नका साहेब. सगळे ऐकतायत, प्रमुखही ऐकतायत. तारीख सांगा. कुठली तारीख?"