कोपऱ्याचं माप

आचलनं स्कूटीवरून खोकं उतरवलं ते अशा बेतानं, जसं काही आत लेकरू झोपलं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून छाया बघत होती. कडेवर काजल, गॅसवर पोहे, हातातला झारा हातातच. खोक्याला धक्का लागू नये म्हणून आचलनं त्याभोवती स्वतःची पांढरी ओढणी गुंडाळली होती. म्हणजे वर्ध्याहून सिंदीपर्यंत बाई बिनओढणीची, वारा खात आली, असं छायाच्या मनात आलं. आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पण नजर काही हटली नाही.

“आल्या का आचलताई! या, या. सांभाळून, उंबरठा हाये!”

रुपेशचा हा आवाज छायाच्या ओळखीचा होता. लग्न ठरल्यावर फोनवर असाच यायचा. आता स्वयंपाकघरापर्यंत पोचेस्तोवर त्यात दूध संपलं का आणि सिलिंडर लावला का, एवढंच उरत असे.

महिन्यातून एका रविवारी हे ‘छोटी गाडी मंडळ’ कुणाच्या ना कुणाच्या घरी जमे. मंडळ म्हणजे माणसं चार. आर्वीचे कापडवाले बंडूजी, बँकेतून निवृत्त झालेले प्रभाकरराव, बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा रुपेश, आणि वर्षभरापूर्वी आलेली आचल. ती वर्ध्याला पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवायची. वीतभर इंजिनं, तेवढेच डबे, फळीवर ठोकलेले रूळ, हा सगळ्यांचा नाद. कुणी नवीन काही घेतलं किंवा घडवलं की तो ते मिरवत आणी. बाकीचे वाखाणत, आणि वाखाणता वाखाणता आतून जळत. बंडूजींनी जर्मनीचं इंजिन मागवलं तेव्हा रुपेश रात्रभर कूस बदलत होता. छाया तेव्हा पोट धरून हसली होती.

नवी वस्तू रुळाला लागायच्या आधी घरच्या बाईनं तिला ओवाळायचं, असाही एक नेम होता. नव्या ट्रॅक्टरला ओवाळतात तसं. बंडूजींच्या प्रमिलाबाईंनी एकदा गमतीनं ताट आणलं आणि मग ते चुकेनासं झालं. रुपेशनं त्यात फक्त एक सुधारणा केली होती. ओवाळताना रुळांवर कागद अंथरायचा. करंट रुळातून चाकात जातो. मध्ये तेलाकुंकवाचा एक टिपका आला तरी गाडी जागच्या जागी बसते. हे त्यानं छायाला इतक्यांदा सांगितलं होतं, की तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

पोह्यांवर तर्री घालून ती बाहेर आली तेव्हा खोकं उघडलेलं होतं.

बाहेरच्या खोलीचा अर्धा भाग रुपेशच्या फळीनं व्यापला होता. तिच्यावर बोगदा, फाटक, कापसाच्या जिनिंगचं शेड, सगळं काही. फक्त खिडकीकडचा एक कोपरा कोरा, आतल्या बाजूनं वळून जाणारा रूळ आणि पुढे नुसतं प्लायवूड. तो छायाचा. काजल पोटात असताना तिनं तिथं नाचणगावचा, म्हणजे आपल्या माहेरचा बाजार मांडायचं ठरवलं होतं. लांबलेल्या दुपारी सुतळीचे धागे सोडवून तिनं नखाएवढ्या टोपल्या विणल्या. मोहरीचे दाणे केशरी रंगवून संत्री केली. सगळं एका बिस्किटाच्या डब्यात. मग काजल झाली, रांगू लागली, आणि एका सकाळी छायानं तिच्या घशाशी गेलेलं पितळी चाक बोट घालून काढलं. त्याच दिवशी डबा माळ्यावर गेला, तिच्या बी.एस्सी.च्या पुस्तकांशेजारी. तेव्हापासून ती घरात जमिनीकडे बघतच चालत असे. “राहू दे,” रुपेश म्हणाला होता, “ती जागा तुझीच हाये. पोट्टी मोठी झाली का कर.” फळी पुसताना छाया तो कोपरा नेहमी शेवटी पुसायची, जरा जास्त वेळ.

आता आचल दोन्ही हातांनी एक पातळ पाट त्या कोपऱ्यात उतरवत होती. पाटावर अख्खं स्टेशन होतं. लाल कौलं, पाण्याची टाकी, कडुनिंब, फलाटाची एकेक फरशी वेगळी. पाट कोपऱ्यात बसला. इकडे केसाची फट नाही, तिकडे नाही.

“बाप्पा बाप्पा!” बंडूजींनी कपाळाला हात लावला. “हे तं जसं काई इथंच उगोलं!”

“माप कोणी देल्लं?” प्रभाकररावांनी चष्मा वर केला. त्यांनी आणलेल्या गोरसपाक बिस्किटांचा चुरा त्यांच्याच शर्टावर सांडला होता.

“मीच पाठवलतं,” रुपेश म्हणाला. “कागद कापून, फोटो काढून. तरी इतकं फिट्ट बसंन असं नव्हतं वाटलं.”

छायानं पोह्यांच्या बश्या टेबलावर ठेवल्या. एक बशी जरा जोरात टेकली. कुणाचं लक्ष नव्हतं.

“वहिनी, तुम्ही पाहा ना जवळून,” आचल म्हणाली. “हे पाहा, संत्रेवाली बसवलीय निंबाखाली.”

छाया वाकली. फलाटावर एक नखाएवढी टोपली होती आणि टोपलीत केशरी संत्री. मोहरीच्या दाण्यांची.

“आयडिया रुपेशभाऊंची हं,” आचल हसून म्हणाली. “मी मणी लावणार होते. ते म्हणाले, मोहरी रंगवा.”

छायानं रुपेशकडे पाहिलं. तो इंजिनाच्या चाकांना फडकं लावत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चोरी नव्हती, संकोचही नव्हता. मोहरीची युक्ती मुळात कुणाची, हे तो साफ विसरला होता.

“लय छान,” छाया म्हणाली.

“ही तुमचीच जागा होती म्हणतात. पण तुम्हाले पोरीपायी वेळच नाई मिळत…”

“होय, नाई मिळत.”

आचलचे हात फळीच्या कडेवर होते. नखाशी हिरवा रंग, अंगठ्याला ब्लेडचा जुना चिरा. छायाच्या हातांना लसणाचा वास येत होता आणि मनगटावर काजलच्या दातांचे ठसे होते. हात तिचेही असेच होते. ड्रॉइंगच्या सरांनी एकदा वर्गात तिची वही फिरवली होती. या बाईच्या रविवारला कोणी ‘आई शी’ म्हणून हाक मारत नाही, ही खरी आग होती. रुपेशचा तो फोनवरचा आवाज त्यानंतरचा.

“चला सूनबाई, आना ताट!” बंडूजी म्हणाले. “नवं ठेसन हाये. वाजतगाजत झालं पायजे.”

छायानं काजलला बंडूजींच्या मांडीवर दिलं आणि ताट आणलं. निरांजन, अक्षता, तेलात कालवलेलं कुंकू. रुपेशनं इंजिन स्टेशनाच्या जरा अलीकडे उभं केलं आणि रुळांवर वर्तमानपत्राचा तुकडा पसरला. तिनं इंजिनाला टिकली लावली. स्टेशनाच्या दाराला लावली. ज्योत फिरवली. सगळे मोबाईल काढून फोटो घेत होते. आचल तर डोळे मिटून, हात जोडून उभी होती.

कागद फलाटाच्या टोकापाशी संपत होता. तिथं छायाचं बोट रुळावर टेकलं. टेकलं म्हणजे तिनं टेकवलं. आधी या रुळावर, मग त्या रुळावर.

“गणपती बाप्पा…” रुपेश म्हणाला.

“मोरया!” बंडूजी ओरडले आणि काजल दचकून रडायला लागली.

रुपेशनं कागद काढला, बटण फिरवलं. इंजिन दिवा लावून निघालं, ऐटीत फलाटात शिरलं, आणि टोकाशी जाऊन बसलं.

“आँ?”

रुपेशनं बोटानं ढकललं. हललं, पुन्हा बसलं. मागे घेतलं, पुन्हा आणलं. पुन्हा तिथंच.

“फलाट घासून राह्यला,” प्रभाकरराव म्हणाले. “मी पाह्यल्या पाह्यल्याच म्हणणार होतो. कड बाहेर आली हाये.”

“नाई हो काका, मी तीनदा मोजलं…”

“मोजाले काय लागते? गाडी बसली का नाई बसली?”

“हिशेब नको मांडू ना बे प्रभाकर,” बंडूजी म्हणाले. “पोरगी एवढं करून आणून राह्यली. रुपेश, करंट पाय बरं.”

“करंट तं येऊन राह्यला भाऊ. बाकी सगळीकडे पळते. इथंच काऊन थांबते?” रुपेश वाकून चाकाकडे बघत होता. रूळ त्यानं तपासला नाही. तो आज सकाळीच त्यानं स्वतः पुसला होता.

छाया काजलला घेऊन दाराशी उभी राहिली. आत कुठंतरी गोड वाटत होतं. बसा म्हणावं आता मोजत.

आचलनं पिशवीतून ब्लेड काढलं. “कड थोडी काढून पाहाते,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. ती गुडघ्यावर बसली आणि फलाटाची कड कापू लागली. एक फरशी निघाली. दुसरी निघाली. त्यांच्या भेगांत तिनं बारीक गवतसुद्धा रंगवलेलं होतं, ते आता दिसलं, फरश्या वेगळ्या झाल्यावर. संत्रेवालीची टोपली कलंडली.

गोड वाटणं थांबलं. छायाला एकदम वाटलं की म्हणावं, थांबा, रूळ पुसा. तोंड उघडलंही. पण मग रुपेशनं विचारलं असतं, तुले कसं माहीत? आणि काजलनं तेवढ्यात तिची साखळी तोंडात घातली, ती काढण्यात वेळ गेला. म्हणजे तिनं तो जाऊ दिला.

इंजिन पुन्हा आलं. पुन्हा बसलं.

आचल ब्लेड हातात धरून बघत राहिली. मग तिनं सहज, कापलेला भुसा झटकावा तसं, रुळावरून बोट फिरवलं. बोट उचललं. पाहिलं. नाकाशी नेलं. तिची नजर बोटावरून टेबलावरच्या ताटाकडे गेली, आणि ताटावरून दाराकडे.

छायानं नजर खाली नेली नाही. नेता आली नाही.

आचलनं खोक्यावरची ओढणी ओढली, तिच्या टोकानं आधी एक रूळ पुसला, मग दुसरा. कुणाला कळू नये इतकं हळू. मग दोन्ही हातांनी पाट कोपऱ्यातून वर उचलला.

“फलाटच चुकला माझा,” ती म्हणाली. “चालवा आता भाऊ.”

इंजिन निघालं आणि न अडखळता कोपरा ओलांडून गेलं.

“म्हटलं नव्हतं?” प्रभाकररावांनी मांडीवर थाप मारली. “घासतच होता!”

“राहू द्या ना इथंच,” रुपेश काकुळतीनं म्हणाला. “मी कड नीट करतो. दोन दिवसाचं काम.”

“नाई भाऊ, नेते घरी. पहिल्यापासून पाहावं लागंन.”

पोहे निवले होते तरी सगळ्यांनी खाल्ले. बंडूजींनी आपल्या नव्या मालडब्याचे फोटो दाखवले, त्यालाही सगळ्यांनी वा वा म्हटलं. पण हसण्यात दम नव्हता. निघताना आचलनं खोकं ओढणीत पुन्हा गुंडाळलं. गाठीपाशी कुंकवाचा एक फराटा उमटला होता. पांढऱ्यावर तो लांबूनही दिसत होता.

“येते वहिनी,” ती दाराशी म्हणाली. “पोहे मस्त झालते.”

“सावकाश जाजा,” छायाच्या तोंडून एवढंच निघालं.

सगळे गेल्यावर रुपेश बराच वेळ फळीपाशी उभा होता. “मले समजत नाई,” तो म्हणाला, “माप तं बरोबर होतं. तू पाह्यलं ना? किती बरोबर बसलतं!”

“मले काय समजते त्याच्यातलं?”

“तेही हाय,” तो म्हणाला, आणि चपला घालून दुकानाकडे गेला. रविवारी दुकान बंद असायचं.

छायानं झाडू घेतला. फळीखाली फरश्यांचे तुकडे पडले होते. काजलच्या हाती लागायच्या आत तिनं एकेक उचलला. मग कोपरा पुसायला वाकली. पाट जिथं टेकला होता तेवढ्या भागात धुळीवर चौकोन उमटला होता. त्या चौकोनाच्या कडेला, रुळापाशी, एक केशरी दाणा होता.

तिनं तो चिमटीत घेतला. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला. झाकण गंजून बसलं होतं, चमच्यानं उचकटावं लागलं. आत टोपल्या होत्या, सुतळीचा वास होता, आणि तिची संत्री. तिच्या संत्र्यांना देठाचा हिरवा ठिपका होता, सुईच्या टोकानं दिलेला. आचलच्या संत्र्यालाही होता. म्हणजे रुपेशनं तेही सांगितलं होतं. की आचलला स्वतःच सुचलं होतं, कोण जाणे. छायाला आता कोणतं जास्त खुपतंय ते कळेना.

तिनं मोबाईल घेतला. मंडळाच्या ग्रुपवर घरच्या बायकाही होत्या, तिथं आचलचा नंबर होता. ‘तुमचं एक संत्रं इथं राह्यलं,’ एवढं लिहून तिनं फक्त आचललाच पाठवलं. पुढचं लिहायला गेली तर बोट चालेना. थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

“गाली,” काजल फळीकडे हात करून म्हणाली. “आई, गाली.”

छायानं दाणा कोऱ्या कोपऱ्याच्या मधोमध ठेवला आणि बटण फिरवलं. इंजिन बोगद्यातून बाहेर आलं, कपाळावरची टिकली तशीच, आणि कोपऱ्यातून न थांबता गेलं. फळी थरथरली. दाणा सरकला, थांबला. गाडी दुसरा फेरा घेऊन आली तेव्हा तो आणखी सरकला, कडेकडे, जिथं खाली काजल तोंड वर करून उभी होती.

छायानं बटण बंद केलं नाही. कडेखाली तिनं तळहात धरला, आणि गाडी पुन्हा येण्याची वाट बघत तशीच वाकून उभी राहिली.