तक्रारीवर बांधलेली राखी

सोमवारी विद्यापीठाची पाहणी करायला दिल्लीहून मंडळी यायची होती, आणि शुक्रवारी सकाळपासून कुलसचिवांचे फोन थांबत नव्हते.

"शारदा मॅडम, वो सालपेकर साहब वाला मामला आज निपटा दीजिए. हमारे यहाँ आज तक एक भी केस आगे नहीं गया. रेकॉर्ड खराब मत होने दीजिए."

"हो सर, आज मिटतंय," शारदाबाई घाटे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शारदाबाई इतिहासाच्या प्राध्यापिका. निवृत्ती जवळ आलेली. महिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या त्या अध्यक्षा होत्या, आणि आपल्या काळात एकही तक्रार चौकशीपर्यंत गेली नाही याचा त्यांना अभिमान होता. मुलीचं नाव चारचौघांच्या तोंडी होत नाही, पुरुषाची नोकरी जात नाही, दोन्ही घरं शाबूत राहतात. याहून चांगलं काय असतं?

त्यांची रीत साधी होती. दोघांना आपल्या खोलीत बोलावायचं, मुलीच्या हातून राखी बांधवून घ्यायची, पेढे वाटायचे आणि कागदावर 'समेट' लिहून टाकायचं.

ही रीत त्यांनी शोधून काढली नव्हती. त्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत वाढल्या. तेव्हा हे शहर राजधानी नव्हतं. संध्याकाळी सायकल रिक्षांच्या घंट्या ऐकू याव्यात एवढं निवांत गाव होतं. कॉलेजातून यायला उशीर झाला की कोपऱ्यावरच्या कोणत्याही मुलाला "भैया, जरा घरापर्यंत चलता का?" म्हणायचं. एकदा भैया म्हटलं की तो मान खाली घालून दारापर्यंत यायचा. मग राज्य नवं झालं, रस्ते रुंद झाले, विद्यापीठाच्या इमारती उंच झाल्या, कुठून कुठून माणसं आली. शारदाबाईंच्या मनात मात्र तो कोपरा आणि तो भैया तसाच राहिला.

अनुश्री ढोमणे वनस्पतीशास्त्रात पीएचडी करत होती. आदल्या आठवड्यात ती वडिलांबरोबर आली होती. तिचे मार्गदर्शक डॉ. अभिनव सालपेकर तिला कामाच्या नावाखाली संध्याकाळी थांबवून घेत, अंगाला हात लावत, रात्री नको ते संदेश पाठवत. तिनं झिडकारलं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "प्रबंधावर सही कोणाची लागते, माहीत आहे ना?"

वडील शालिग्रामराव रेल्वेच्या कचेरीत होते. ते हात जोडून म्हणाले होते, "मॅडम, पोट्टीचं लग्न जमून राहिलं. नागपूरचे लोक आहेत. कानावर गेलं तर मोडलंच समजा. सालपेकर साहेब आपल्याच मराठी मंडळातले, गणपतीत रोजची गाठ. घरच्या घरी मिटवा."

अनुश्रीनं एकच विचारलं होतं. "मॅडम, साइन तो उन्हीं का लगेगा ना?"

"अगं, राखी बांधलीस की भाऊच तो. सही काय, सगळं करेल!" शारदाबाई म्हणाल्या होत्या.

अनुश्री गप्प बसली. त्या गप्प बसण्यालाच सगळ्यांनी होकार मानलं.

आणि आज ती त्याच खोलीत बसली होती. समोर टेबलावर कुंकू, तांदूळ आणि पंडरीच्या बाजारातून आणलेली चकचकीत राखी. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला शारदाबाई. उठून जावं तर वडिलांची मान खाली जाणार, बसून राहावं तर उद्या पुन्हा त्याच प्रयोगशाळेत, त्याच माणसापुढे उभं राहायचं.

इतक्यात दारात गोदावरीबाई आल्या. शाळेत शारदाबाईंना शिकवलेल्या, आता पंच्याहत्तरीच्या. एका महिला संस्थेच्या वतीनं त्या समितीच्या बाहेरच्या सदस्य होत्या. बाहेरच्या म्हणजे इतक्या बाहेरच्या, की बैठकीचा कागद शिपाई स्कूटरवरून त्यांच्या घरी नेई आणि सही घेऊन परत येई.

"बाई, तुम्ही? कागद पाठवला असता ना मी!"

"काहून? पाय आहेत अजून मले. शिपाई म्हणे, आज बैठक आहे," म्हणत त्या खुर्चीत बसल्या. "हे ताट कशाचं? कोणाची पूजा?"

तेवढ्यात पेढ्यांचा डबा घेऊन सालपेकर आले. अस्तनी त्यांनी आधीच वर सरकवली होती. मनगट पुढे करून ते हसत म्हणाले, "बांध ग अनुश्री, लाजतेस काय? स्वरदानं पण बांधली होती, इथंच, शारदाताईंच्या समोर. बहनों के मामले में मैं बड़ा लकी हूँ!"

शारदाबाईंच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. खरंच की! तीच खोली, तेच मनगट.

"कोण स्वरदा?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"यांच्याकडेच शिकत होती, बाई. मग तिनं पीएचडी सोडली. घरच्यांनी बोलावून घेतलं म्हणे."

"म्हणे! तू विचारलं होतंस का तिले?"

"नाही, बाई," म्हणत शारदाबाईंनी करंडा ताटात ठेवला.

सालपेकर जरा सावरून बसले. "गोदावरीबाई, जाऊ द्या ना. घरगुती गोष्ट आहे."

"घरगुती? तू हिच्या घरचा होय का रे?" म्हातारीचा आवाज चढला नाही, पण सालपेकरांनी मनगट मागे घेतलं. त्या शारदाबाईंकडे वळल्या. "शारदे, आपल्या पाऱ्यात ज्याले भैया म्हणायचो, त्याच्या मायले आपण ओळखत होतो. त्यानं वाकडं पाहिलं तर त्याच्या ओसरीवर जाऊन सांगता येत होतं. इथं ही पोट्टी कोणाच्या ओसरीवर जाईल? सही याची, प्रयोगशाळा याची. भाऊ म्हणून तू तिले याच्याच हवाली करून राहिली!"

"पण बाई, समेट कायद्यात आहे," शारदाबाई हळूच म्हणाल्या.

"हव, आहे. पण तो तक्रार करणारीनं मागावा लागते. हिनं मागितला?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न अनुश्रीला कोणीच विचारला नव्हता!

"अनुश्री," शारदाबाई तिच्याकडे वळल्या, "तुला हवा आहे का समेट?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. घरी मराठीला हिंदीत उत्तर देणारी ती मुलगी आज मराठीत बोलली. "नाही. मले नाही बांधायची राखी. बाबा हो म्हणाले होते. मी म्हटलंच नव्हतं."

शालिग्रामरावांनी डोळे मिटले. मग उठून ते लेकीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. "मॅडम, तिनं म्हटलं तेच लिहा. लग्नाचं मी पाहून घेईन."

"ढोमणे, विचार करा," सालपेकर डबा उचलत म्हणाले. "मंडळात तोंड दाखवायचं आहे."

"मलेच नाही, तुम्हालेही दाखवायचं आहे, साहेब."

सालपेकर निघून गेले. शारदाबाईंनी कुलसचिवांना फोन लावला.

"सर, समेट झालेला नाही. आजपासून चौकशी सुरू. ती संपेपर्यंत सालपेकरांनी या मुलीचं काम तपासायचं नाही, तिला दुसरा मार्गदर्शक द्या. शिफारस लेखी पाठवतेय."

"मॅडम, सोमवार को टीम आ रही है! आपको पता है आप क्या कर रही हैं?"

"हो. समितीचं काम करतेय."

पलीकडून फोन आपटला गेला. आता निवृत्तीचे कागद कुठे अडतील, मंडळात कोण पाठ फिरवेल, हे शारदाबाईंना दिसत होतं. समोरची मुलगीही काही मोकळी झाली नव्हती. याच इमारतीत, याच जिन्यावर ते गृहस्थ तिला उद्या भेटणार होते. चौकशी बरीच लांब चालणार होती, आणि तिचा निकाल अजून कोणाच्याच हातात नव्हता.

शालिग्रामराव दाराकडे निघाले. "मी व्हरांड्यात बसतो. बापासमोर तिले सगळं सांगता येणार नाही."

तुमच्या-आमच्या घरातल्या मुली अशाच कुठल्या तरी कचेरीत, कॉलेजात रोज जातात. त्यांच्यापैकी एखादी तक्रार घेऊन आली, तर तिला बहीण करू नका, लेक करू नका. ती नागरिक आहे, तेवढं पुरे. नातं जोडून तिचं तोंड बंद करणं ही माया नव्हे. तिला काय हवं ते आधी तिलाच विचारा, आणि मग कायद्यानं जे करायचं ते न घाबरता करा.

गोदावरीबाईंनी ताट उचलून खिडकीत ठेवलं, टेबल मोकळं केलं. शारदाबाईंनी कोरा कागद ओढला.

"पहिल्यापासून सांग, अनुश्री. आणि मी मध्ये बोलले, तर मला थांबव."