आत्या बाहेरच्या खोलीत आली

अनुसूयाआत्याच्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू सापडला. पुढची पायरी कोल्पोस्कोपी, म्हणजे यंत्राने गर्भाशयाचं तोंड पडद्यावर मोठं करून बघणं. जयनगरच्या ज्या दवाखान्यात हे होतं तिथे मी याच प्रतिमांवर काम करते, त्यामुळे वेळ लगेच मिळाली. अडले ते माझे वडील.

“हा संबंधातून येतो म्हणतेस,” अण्णा म्हणाले. “भावजींना जाऊन सोळा वर्षं झाली. गल्लीत कळलं तर लोक काय म्हणतील? त्रास तर काही नाही ना अक्काला? मग थांबू.”

“त्रास व्हायच्या आत बघायचं, म्हणून तर तपासणी. विषाणू वीस-वीस वर्षं गप्प बसू शकतो, अण्णा.”

“स्वल्प हळू बोल!”

बाहेर आईचं श्रावणातलं हळदीकुंकू चाललं होतं. विधवा म्हणून आत्या नेहमीसारखी स्वयंपाकघरात, कोसंबरीची काकडी चोचवत होती. तिने विळी आडवी केली.

“भीमसेना, कुठून आला, हेच विचारायचंय ना तुला? निवेदिता, कळतं का ते चाचणीत?”

“नाही. कोणाकडून, कधी, काहीच कळत नाही.”

“सरी, ठीक आहे. मग मीही सांगणार नाही. उद्या किती वाजता जायचं?”

तपासणीच्या टेबलावर तिने पडदा आपल्याकडे वळवायला लावला. डॉ. मनस्विनींनी पातळ ॲसेटिक आम्ल लावलं.

“व्हिनेगरचा वास येतोय. लोणचं घालताय की काय माझं?”

गुलाबी पृष्ठभागावर हळूहळू एक पांढरा डाग उमटला, कडा स्पष्ट असलेला. बिघडलेल्या पेशी अशाच पांढऱ्या पडतात. आत्या बघत राहिली. “एवढासाच?”

तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण त्याच वाटेवरचा बदल होता. छोट्या शस्त्रक्रियेत तो भाग काढून टाकला.

“गल्लीत कोणी विचारलं तर अक्का येलहंक्याला नात्यात गेली होती म्हणून सांगू,” अण्णा म्हणाले.

नवरात्रातल्या हळदीकुंकवाला ती कोसंबरीचं पातेलं घेऊन थेट बाहेरच्या खोलीत आली. आईचा करंड्यातला हात तिथेच थांबला.

“कुंकू नको मला,” आत्या म्हणाली. “माझ्या गर्भाशयाच्या तोंडावर डाग होता. वेळेवर दिसला, काढला. सोमवारी परत दाखवायला जातेय. माझ्याबरोबर तपासायला कोण येतंय?”

“अक्का!” दारातून अण्णा.

“तू नको येऊस, भीमसेना. बायकांचं आहे.”

कोणीतरी फिसकन हसलं. मग शेजारच्या सुचेताकाकूंनी विचारलं, “पण सोमवारी माझा उपास असतो. चालतो का?”

“चालतो की,” आत्या त्यांच्या पुढ्यात कोसंबरी वाढत म्हणाली. “लोणचं घालतात, पण खायला लावत नाहीत.”