नीट चालणारं बदक

इंग्लंडातल्या बर्सलम गावात सगळेच एकमेकांना ‘बदक’ म्हणतात. बसचा कंडक्टर म्हणतो, चर्चमधला पाद्री म्हणतो, दात उपटणारा डॉक्टर दात उपटतानाही म्हणतो. बाई असो, बाप्या असो, शेंबडं पोर असो, सगळे बदक. त्यात पाण्यात पोहणाऱ्या पक्ष्याचा काही संबंध नसतो, नुसती माया असते. त्यामुळे ग्लेनिस ब्लूरने त्या दिवशी जी चूक केली, ती खरं तर तिच्याकडून व्हायलाच नको होती.

ग्लेनिसचा सगळा जन्म कपबशांवर गुलाब रंगवण्यात गेला. गुलाब तिचा नव्हता. कारखान्याच्या नमुन्यात पाकळी जशी असेल तशीच ती काढायची, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मग कारखाना बंद पडला. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या ग्लेनिसने मनाशी एकच गोष्ट ठरवली. आता जे काढायचं ते आपलं स्वतःचं काढायचं.

डेस्मंड क्लूलोची जाहिरात तिने नॉर्माच्या दुकानात वाचली. नॉर्मा ओटकेक विकायची, म्हणजे ओटच्या पिठाची मऊ धिरडी, आत चीज आणि बेकन घातलेली. दुकानाच्या वरच्या खोलीत डेस्मंड कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचा आणि कॅसेटवर भरून विकायचा. कंपनीचं नाव ‘वाकडी भट्टी’. त्याला चित्रं काढणारं माणूस हवं होतं.

“वर जातेस?” नॉर्मा म्हणाली. “जा बदक. पण पोरगा लाजाळू आहे हं, लहानपणापासून बघतेय मी त्याला. युनिव्हर्सिटीत जाऊन आलाय, तेव्हापासून माझ्याशीही वर्तमानपत्रासारखा बोलतो.”

खरंच होतं ते. डेस्मंड तिला कायम ‘मिसेस ब्लूर’ म्हणायचा. “मिसेस ब्लूर, आपण चहा घेणार का?” त्याने तिला चौकटींचा कागद दिला आणि एकेक चौकट भरून चित्र कसं करायचं ते दाखवलं. ग्लेनिस एका दुपारीत शिकली. बशीच्या काठावर गुलाब बसवणाऱ्या बाईला चौकटींचं काय एवढं.

दोघांच्या पहिल्या खेळाचा हीरो काढायचा होता, तेव्हा डेस्मंड लंडनच्या प्रदर्शनात होता. तिथून त्याने फोन केला. मागे गर्दीचा गलका, लाइनमध्ये खरखर, आणि डेस्मंडचा आवाज आनंदाने फुटलेला.

“मिसेस ब्लूर! दुकानवाल्यांनी होकार दिला! नाताळाआधी खेळ हवाय त्यांना!”

“अरे वा! मग हीरो कसा काढू? चिलखतवाला?”

“काहीही काढा हो! नीट चालता आलं पाहिजे, एवढंच! बदक!”

आणि फोन कटला.

ग्लेनिस हातात रिसीव्हर घेऊन उभी राहिली. गावातल्या दुसऱ्या कुणी तो शब्द उच्चारला असता तर तिच्या कानाला जाणवलाही नसता. पण डेस्मंड? तो तर कधीच कुणाला बदक म्हणत नसे. म्हणजे ही ऑर्डरच होती. ती खाली बसली आणि तिने बदक काढलं. बुटकं, पोट पुढे, डोक्यावर बशांची चळत, आणि एकही बशी पडू नये म्हणून जीव मुठीत धरून चालणारं.

डेस्मंड परत आला. पडद्यावर बदक डुलत डुलत भट्टीच्या दारातून आत शिरलं.

“हे काय आहे?”

“बदक. तुम्हीच म्हणालात ना?”

“मी? मी कधी...” डेस्मंड थांबला. हळूहळू त्याचे कान लाल झाले. “मिसेस ब्लूर, मी तुम्हाला बदक म्हणालो होतो.”

“मला?” ग्लेनिस म्हणाली. “मग आधी कधी का नाही म्हणालास रे मेल्या?”

दोघं इतकी हसली, की नॉर्मा हातात उलथनं घेऊन वर आली. पडद्याकडे बघून म्हणाली, “अगंबाई, हा तर माझा नवरा फ्रँक! दारूच्या गुत्त्यातून घरी येताना अस्साच चालतो.”

आता चिलखतवाला काढायला वेळही नव्हता आणि कुणाला हौसही नव्हती. बदक तसंच बाजारात गेलं, आणि धावत सुटलं. त्या नाताळात देशभरची मुलं, कॅसेटवरून खेळ चढताना होणारी टेपरेकॉर्डरची किंकाळी संपायची वाट बघत पडद्यासमोर बसून होती. बशा फुटल्या की त्यांच्या आयाही ओरडायच्या. पोरांची पत्रं यायची, ग्लेनिस प्रत्येकाला उत्तरात एक छोटं बदक काढून पाठवायची. ते बदक कुठल्याच नमुन्यातलं नव्हतं.

पुढचं सगळं फार भरभर झालं. डेस्मंडने शेजारच्या हॅन्लीला काचेची इमारत भाड्याने घेतली. फिरत्या खुर्च्या आल्या आणि त्यांवर गरगर फिरणारी तरुण पोरंपोरी आली. दुसरा खेळ होता बदकाच्या चंद्रावरच्या स्वारीचा. पोरांनी चंद्रावर इतके खड्डे, इतके राक्षस आणि इतकी दारं घातली, की खेळ संपेचना. संपला तोवर परदेशातून नवी यंत्रं आली होती आणि दुकानांनी कॅसेटी ठेवणंच बंद केलं होतं. चंद्राची खोकी गोदामात पडून राहिली आणि कंपनी बुडायच्या बेताला आली.

मग रेडिंगहून फॅनशॉ नावाचे गृहस्थ आले. मोठ्या कंपनीचे, छान कोट घातलेले.

“बदक द्या,” ते म्हणाले. “या पोरांना मी कामावर ठेवतो, इथेच. बदक नसेल तर नुसत्या खुर्च्या घेऊन काय करू? फक्त त्याला जरा बदलावं लागेल. काळा गॉगल, तोंडात च्युइंगम.”

काचेपलीकडे पोरं काम करत असल्याचं नाटक करत होती. एकही खुर्ची फिरत नव्हती.

“सही माझी लागते,” डेस्मंड ग्लेनिसला हळूच म्हणाला. ‘मिसेस ब्लूर’ केव्हाच मागे पडलं होतं. “पण बदक तुझं आहे. तू नको म्हणालीस, तर नको.”

आयुष्यात आपली म्हणावी अशी एकच आकृती ग्लेनिसच्या हातून उतरली होती, आणि आता दुसऱ्याच्या नमुन्यात ती जाणार होती. तिने काचेतून बघितलं. सगळ्यात धाकट्या पोरीने, शेरिलने, टेबलाखाली बोटं एकमेकांत अडकवून नवस केल्यासारखी धरली होती.

“गॉगल घाला,” ग्लेनिस म्हणाली. “च्युइंगम खाऊ दे, दात किडतील त्याचे. पण चाल बिघडवायची नाही. ती तुमच्या लोकांना नुसती बघून जमणार नाही. उठा.”

“मी?” फॅनशॉ म्हणाले.

“मग काय खुर्ची? उठा. पोट पुढे. आणखी. लाजू नका. जोर पायात नाही, मागे. हं, आता डोक्यावर बशा आहेत असं समजा.”

फॅनशॉ दोन पावलं चालले.

“फुटल्या,” ग्लेनिस म्हणाली. “पुन्हा.”

तिने दार उघडून पोरांना बोलावलं. “या रे सगळे! बदक तुमच्या हाती देऊन चाललेय. शिकून घ्या.” ती पुढे झाली, तिच्यामागे शेरिल, मग बाकीचे, मग डेस्मंड, आणि शेवटी कोटाची बटणं सोडून फॅनशॉ. काचेच्या त्या इमारतीत सगळी वरात डुलत डुलत टेबलांमधून फिरली. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. एका म्हातारबुवांनी टोपी काढून सलाम केला. तिसऱ्या फेरीला फॅनशॉंना चाल जमली, आणि त्यांना स्वतःलाच इतका आनंद झाला, की सहीचा कागद पुढे करायचं ते विसरूनच गेले. डेस्मंडने तो मागून घेऊन सही केली.

संध्याकाळी ग्लेनिस आणि डेस्मंड बर्सलमच्या बसमध्ये शेजारी बसले होते. कंपनीत आता पुन्हा दोघंच उरली होती. डेस्मंड हिरमुसला होता.

“वाईट वाटतंय?” त्याने विचारलं.

“सकाळी वाटत होतं. आता हात शिवशिवतोय.” ग्लेनिसने बसच्या धुरकट काचेवर बोट फिरवलं. “या खेपेला पुष्कळ पाय असलेलं काहीतरी काढावं म्हणते.”

“पुष्कळ म्हणजे किती?”

“चाळीसेक.”

“चाळीस! वेड लागलंय का तुला? सगळे चालवायचे कुणी?”

“तू,” ग्लेनिस म्हणाली. काचेवर आठ-दहा पाय काढूनही झाले होते. “सरक जरा, जागा पुरत नाहीये.”