रिकामी पट्टी

योन्जूने आलेख पुन्हा एकदा रिफ्रेश केला. चढणीवरच्या वस्तीतल्या प्रत्येक घराची एक पट्टी होती. एका घराची जागा मात्र तशीच रिकामी राहिली. शून्यसुद्धा नाही. काहीच नाही.

तिने घरांच्या आणि नोंदींच्या तक्त्यांची जोडणी तपासली, सगळे फिल्टर काढून पाहिले. दोष तिथे नव्हता. त्या घराची नोंदच कधी आली नव्हती.

"दही वाटणाऱ्या ग्वाक बाईंचा रस्ता ना?" मागून प्यो साहेब म्हणाले. "म्हाताऱ्यांना दह्याची बाटली द्यायची, दारातूनच त्यांच्या मुलांना फोन लावून खुशाली कळवायची, आणि 'घेतला' नाहीतर 'नाही घेतला' दाबायचं. एवढंही जमत नसेल तर रस्ता दुसरीला देऊ. जेवणानंतर पालिकेच्या बाई हा आलेख बघायला येतायत, त्याआधी बघा."

आईचे अंत्यविधी आटोपून योन्जू नुकतीच कामावर परतली होती. आई त्याच वस्तीत राहायची. पण तिथे घरं काय थोडी होती?

तिने ऑफिसच्या फोनवरून ग्वाक बाईंना गाठलं.

"मावशी, एका घराच्या नोंदी दिसत नाहीत. काही अडचण होती का?"

"कठड्यावर मासे वाळत घालायच्या, त्या आजींचं घर असणार." पलीकडे गाडीची घरघर थांबली. "त्यांची लेक फोन घ्यायचीच नाही हो. मी 'नाही घेतला' दाबायला गेले की म्हातारी माझा हातच धरायची. म्हणे, माझी पोर असलेच तक्ते करते, तिच्या साहेबासमोर तिची शोभा नको. म्हटलं, बरं, मग 'घेतला' दाबते. तर म्हणे, खोटं कशाला लिहितेस, बये? आता तुम्हीच सांगा मॅडम, तिसरं बटण आहे का त्यात?"

योन्जूने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"वर माझीच बाटली मला पाजायची. लाच म्हणून." मावशी हसल्या. "गेल्या त्या. तुमच्या ओळखीच्या होत्या का?"

"नाही," योन्जू म्हणाली.

"रस्ता काढणार का माझा?"

"नाही काढणार."

फोन ठेवून तिने पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला. न घेतलेल्या कॉलच्या यादीत 'दहीवाली' हे नाव पुन्हा पुन्हा येत होतं. आई ठीक आहे, एवढंच सांगायला फोन येतो हे ठाऊक होतं. म्हणून ती मोबाइल पालथा ठेवायची. बाईंचं नाव तिने कधी विचारलं नव्हतं.

एकेक तारीख बघत तिने प्रत्येक ओळीत 'नाही घेतला' भरलं. रिकाम्या जागी लाल पट्टी उभी राहिली, शेजारच्या सगळ्यांहून उंच.

जेवणानंतर पालिकेच्या बाई पडद्याजवळ वाकल्या.

"एकदाही घेतला नाही? कसली लेकरं असतात एकेकाची."

"वाचल्या म्हणायच्या ग्वाक बाई," प्यो साहेब म्हणाले. "योन्जू, दाबा ना त्या पट्टीवर. नातेवाइकाचं नाव येईल. बघू तरी कोण आहे."

योन्जू आधी उठून उभी राहिली. मग तिने बाण लाल पट्टीवर नेला आणि दाबलं.