आधी माझ्यावर उघडून दाखवा

मित्रांनो, कोणीही सहज ‘डबडं’ म्हणावे असा मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीचे झाकण रबराने आवळलेले आहे आणि चार्जरची वायर जराशी तिरकी धरल्याशिवाय माझ्यात वीज शिरत नाही. तरीही एका कार्यालयात मी होकार दिल्यावाचून एकही वेबसाइट लोकांपुढे जात नाही. हा मान मला कसा मिळाला, ते क्रमाने सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तेथे माझ्या काही भावंडांना मुद्दाम उंचावरून पाडले गेले, काहींना तापवले गेले. मी भेदरून पाहत होतो. पुढे कळले की त्यात क्रूरपणा नव्हता. जी वस्तू लोकांच्या हाती जायची, तिचे हाल आधी आपणच करून पाहावेत, अशी ती रीत होती.

मला एका मुलीने विकत घेतले. ती वेबसाइट बनवण्याचे काम करी. तुम्ही मोबाईलवर एखादे पान उघडता, तेव्हा त्यातला मजकूर कुठे बसावा, बटण कुठे असावे आणि ते दाबल्यावर काय घडावे, हे सारे कोणीतरी आधी लिहिलेले असते. ते लिहिणारी ती. सुरुवातीला तिने मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. मग नवा फोन आला आणि मी जुन्या वायरींच्या खणात गेलो. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी अंधारात पडून पाठ केली.

तेथून मला तिच्या मावशीने बाहेर काढायला लावले. मालकिणीला लहानाचे मोठे केले ते याच मावशीने, शिवणकाम करून. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिने माझ्यावरची अक्षरे होतील तेवढी मोठी करून घेतली आणि माझ्याशी घरोबा केला.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला उशीर नको असे बजावले होते. दवाखान्याची नोंदणी वेबसाइटवरच होई, आणि ती वेबसाइट नेमकी आमच्या मालकिणीनेच बनवलेली होती. त्या दुपारी मावशी स्वयंपाकघरात बसून कितीतरी वेळ माझ्याशी झटत होती.

“बने, तुझ्या पानाला ‘पुढे’ जायचं बटणच नाही गं.”

“असं कसं होईल, मावशी? मीच तर बसवलंय.”

“मग मलाच दिसत नसेल. राहू दे. आता या वयात कुठं मला सुईत दोरा ओवायचाय.”

मालकिणीने मला हातात घेतले. आधी पडद्यावर एका डोळ्याची चित्रफीत सुरू झाली. तो डोळा उघडता उघडता मी तापलो. मग फिकट राखाडी अक्षरे आली. बटण होते, पण मोठ्या अक्षरांच्या रेट्याने ते माझ्या कडेपलीकडे ढकलले गेले होते आणि पान सरकत नव्हते. मालकिणीने मला ओट्यावर ठेवले.

“थांब, मी माझ्या फोनवरून नोंदवते.”

“नको. तारीख बदलायची, काही विचारायचं, म्हणजे दर वेळी तुझ्या तोंडाकडे बघत बसू? माझं मला जमलं तर जाईन. नाहीतर आहे हे बरं आहे.”

मावशीचा नकार म्हणजे दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवशी मालकीण मला कार्यालयात घेऊन गेली. पानांचे रंगरूप ठरवणाऱ्या सहकाऱ्याला तेथे सगळे ‘रंगोबा’ म्हणत. मला पाहून तो म्हणाला, “हे कुठल्या उत्खननात सापडलं?”

“नोंदणी करून दाखव याच्यावर. माझ्या मावशीला जमत नाहीये.”

त्याने खटपट करून पाहिली. “याच्यावर सगळंच रडत उघडणार. मावशींना म्हणावं, फोन बदला.”

“बरं. तुझ्या नव्या फोनवर अक्षरं मोठी कर.”

त्याने केली. त्याच्याही फोनवरून बटण नाहीसे झाले.

“हे बघ,” तो चाचरत म्हणाला, “अक्षरं मोठी केली की माझी मांडणी मोडते.”

“डोळ्यांच्या दवाखान्यात दुसरं कोण येणार आहे, रंगोबा?”

हीच दोघांची चूक होती. आपल्या तरण्या डोळ्यांनी, आपल्याच नव्या फोनवर त्यांनी पान तपासले होते आणि ते सर्वांना दिसते असे धरून चालले होते. कार्यालयाचे साहेब मात्र कुरकुरले. “दवाखान्याला ती चित्रफीत फार आवडली होती.”

“मी बोलते त्यांच्याशी,” मालकीण म्हणाली. “पण पान असं राहणार नाही.”

त्यानंतर ती रोज सकाळी मला नेई आणि संध्याकाळी मावशीकडे परत आणी. चित्रफीत गेली, साधे चित्र आले. अक्षरे काळीभोर झाली. बटण मात्र एकदा मजकुरावर चढले, एकदा निम्मे कापले गेले. दर वेळी ती फक्त “पुन्हा” म्हणे आणि तापलेल्या मला खिडकीच्या वाऱ्यावर ठेवी. शेवटी रंगोबानेच फुगलेले गाल आवरून मजकुराच्या लगेच खाली बटणाला जागा काढली. अडलेले पान आता बोटाने सरकू लागले आणि अक्षरे कितीही वाढोत, बटणही त्यांच्यासोबत खाली सरकू लागले.

त्या संध्याकाळी मावशीने मला पुढ्यात घेतले. मालकीण मुद्दाम पाठ करून भांडी पुसत होती; एकच ताट ती पुसत राहिली. पान उघडले. मावशीचे बोट बटणावर आले. मी सारे बळ एकवटले.

“बने,” मावशी म्हणाली, “मंगळवार दिलाय त्यांनी. तुला सुट्टी मिळते का, ते तुझं तू बघ.”

डोळे बरे झाल्यावर मावशीने स्वतः सुईत दोरा ओवला आणि मला एक मऊ पिशवी शिवली. “जा आता कामावर,” म्हणत तिने मला मालकिणीच्या स्वाधीन केले. तेव्हापासून मी त्या कार्यालयाच्या टेबलावर आहे आणि प्रत्येक नवे पान आधी माझ्यावर उघडून पाहतात.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा काम विचारा. आणि उद्या तुम्ही लोकांसाठी काही घडवाल, तेव्हा ते सर्वांत मंद यंत्रावर आणि सर्वांत थकल्या डोळ्यांसमोर धरून पाहा. तेथे अडले तर त्या माणसाला दोष देऊ नका, पुन्हा करा. घाई असेल, तर माझी काही हरकत नाही. फक्त आधी माझ्यावर उघडून दाखवा. वायर तेवढी तिरकी धरा.